पत्ता कुणाचा? : आशियात आलेल्या तरुण स्वयंसेवकांच्या पत्रांविषयी

पत्राला पत्ता असतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की पत्रवाङ्मयाचा अभ्यास करताना ती आपल्या ध्यानातून निसटते. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मधून लिहिलेली शतपत्रे आणि साने गुरुजींनी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' यांचा बाज एकमेकांहून इतका निराळा का, याचे उत्तर शोधताना आपण लेखकांच्या स्वभावाकडे वळतो. खरे तर ते उत्तर आधी वाचणाऱ्याच्या नावात शोधायला हवे. ज्याला लिहायचे तो डोळ्यांसमोर असला की काय सांगावे, काय गाळावे, कुठे थट्टा करावी आणि कुठे आवाज खाली आणावा, हे आपोआप ठरत जाते.

हा साधा निकष घेऊन विसाव्या शतकातील एका मोठ्या पत्रव्यवहाराकडे पाहावे, असे आम्हांला वाटते. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पुढे जपान या देशांतील हजारो तरुण-तरुणी एक-दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून आशियातील खेड्यांत, शाळांत, दवाखान्यांत येऊन राहिले. त्यांनी घरी पत्रे लिहिली. या चळवळीचा इतिहास बहुधा संस्थांचा किंवा परराष्ट्रधोरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. संस्था केव्हा निघाली, किती देशांत पसरली, कोणत्या सरकारने तिला पैसे दिले, इत्यादी. तो आवश्यकच आहे. परंतु वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला त्यापुढचा एक प्रश्न विचारता येतो. या पत्रांवर पत्ता कुणाचा होता? आणि ज्या गावाविषयी ती लिहिली गेली, त्या गावाला त्यांत बोलण्याची संधी कधी मिळाली का? सेवा कुणाची आणि कुणासाठी, या जुन्या वादाची एक किल्ली या प्रश्नात आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

१

आरंभ बिहारपासून करता येईल. पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडमधील अभियंता. लष्करी कर भरण्यास नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेलेला शांततावादी. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका खेड्यात १९२० साली त्याने काही सोबत्यांसह घरे उभारण्याचे काम सुरू केले. त्या सोबत्यांत जर्मनही होते. कालच्या शत्रूने येऊन आपल्या भिंती बांधून द्याव्यात, ही कल्पना तेथील अधिकाऱ्यांना पचली नाही आणि ते शिबिर काही महिन्यांतच गुंडाळावे लागले. पण बंदुकीऐवजी फावडे हाती घेणारी आंतरराष्ट्रीय सेवा ही कल्पना टिकली. 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या नावाने पुढे ओळखली गेलेली चळवळ तिच्यातूनच उभी राहिली.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ यांना भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नुकतेच तुरुंगातून सुटलेले राजेंद्रप्रसाद मदतकार्याच्या अग्रभागी होते. १९३१ मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडला गेले असता सेरेसोलची त्यांच्याशी भेट झालेली होती. तो बिहारमध्ये आला आणि पुढे मोजक्याच सहकाऱ्यांसह १९३७ पर्यंत मुझफ्फरपूरच्या परिसरात काम करीत राहिला. भूकंपाने जमिनीची पातळी बदलली होती. जी खेडी पूर्वी कोरडी राहत, ती आता पुराच्या पाण्याखाली जाऊ लागली होती. ती उंचवट्यावर नव्याने वसवायची, असे ते काम होते. अशा एका नव्या वस्तीचे नाव शांतिपूर.

सेरेसोल तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. तरुण म्हणावेत असे त्याचे सोबती. पण पुढील पन्नास वर्षांत तरुण स्वयंसेवकांना जे प्रश्न पडले, त्यांतला पहिला प्रश्न येथेच उभा राहिलेला दिसतो. ज्या प्रदेशात हाताला काम नसलेल्या माणसांची वाण नाही, तेथे युरोपातून येऊन मातीची टोपली डोक्यावर घेण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर कामाच्या हिशेबात मिळत नाही. ते खुणेत मिळते. १९३४ च्या हिंदुस्थानात गोऱ्या माणसाने हुकूम न सोडता टोपली उचलणे, ही स्वतःच एक भाषा होती. बघणाऱ्याला ती वाचता येत होती.

लिखित शब्द मात्र वेगळ्या दिशेने गेला. सेरेसोलने हिंदुस्थानातून लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचा पत्ता स्वित्झर्लंडमधील स्नेह्यांचा होता. मदत पाठवणारे, या कामाची चिंता वाहणारे, हिंदुस्थान कधीही न पाहिलेले ते वाचक होते. शांतिपुरात राहायला गेलेल्या माणसाचे पत्र मात्र आपल्यासमोर येत नाही. वाडवडिलांची जमीन सोडून उंचवट्यावर जाताना त्याला काय वाटले, नव्या गावाचे नाव त्याला रुचले का, हे कळायला मार्ग नाही. याचे कारणही ऐतिहासिक आहे. १९३१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. पत्र लिहिण्याची सोय एकाच बाजूला होती.

त्या चळवळीचा धागा महाराष्ट्रापर्यंत पोचतो. १९५० च्या दशकात बाबा आमटे यांच्या आनंदवनात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण येऊन राहिले आणि त्यांनी बांधकामाला हात लावला. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी विकत घ्यायलाही वरोऱ्याचे लोक धजत नसत, अशा त्या काळात परदेशी मुले-मुली त्यांच्यासोबत राहतात आणि जेवतात, हे पाहून गावाची भीती ओसरू लागली, असे आनंदवनाच्या इतिहासात सांगितले जाते. बिहारमधील टोपलीचीच ही पुनरावृत्ती म्हणावी लागेल. विटा किती रचल्या गेल्या यापेक्षा शेजारच्या गावाने काय वाचले, हे येथेही अधिक महत्त्वाचे ठरले.

२

दुसरा प्रयोग आपल्याकडे फारसा परिचित नाही, पण त्याचे बीज मुंबईत पडले आहे. १९५० साली मुंबईत भरलेल्या विद्यार्थ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत ऑस्ट्रेलियन आणि इंडोनेशियन प्रतिनिधींची गाठ पडली. इंडोनेशिया नुकताच डचांच्या हातून सुटला होता. शिकलेली माणसे मोजकी आणि नव्या राष्ट्राचा गाडा अवाढव्य, अशी परिस्थिती होती. तुमच्याकडचे पदवीधर आमच्याकडे येऊन काम करतील का, अशी विचारणा झाली. मेलबर्नच्या विद्यार्थ्यांनी ती मनावर घेतली आणि १९५१ मध्ये हर्ब फीथ हा वीस वर्षांचा तरुण जाकार्ताला दाखल झाला. तेथील माहिती खात्यात त्याने काम पत्करले.

फीथ व्हिएन्नात जन्मलेला ज्यू. नाझींच्या तडाख्यातून निसटून त्याचे कुटुंब ऑस्ट्रेलियात आले होते. निर्वासित म्हणून वाढलेला हा मुलगा शेजारच्या नव्या देशात गेला तो एका साध्या अटीवर. या योजनेतल्या स्वयंसेवकांना इंडोनेशियन सरकार इंडोनेशियन कर्मचाऱ्याइतकाच पगार देत असे. राहायचे तेही त्यांच्यातच. परदेशी सल्लागारांच्या मोटारी आणि बंगले हा त्या शहरातील नित्याचा देखावा असताना ही मंडळी सायकलवरून कचेरीत जात. तो काळ 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणाचा होता, हे विसरता कामा नये. आशियाई माणसाला आपल्या देशात वसू न देणाऱ्या राष्ट्रातील मुलगा आशियाई सरकारचा पगारदार होतो, यात त्या काळाच्या मानाने मोठे उलटेपण होते.

या पगाराचा भाषेवर परिणाम झाल्याशिवाय राहिला नाही. ज्याचा साहेब इंडोनेशियन आहे, ज्याला महिनाअखेरीची ओढ शेजारच्या टेबलावरील कारकुनाइतकीच जाणवते, त्याला इंडोनेशियन शिकणे ही हौस उरत नाही. ती गरज होते. फीथ पुढे इंडोनेशियाच्या राजकारणाचा मोठा अभ्यासक झाला. त्या देशातील घटनात्मक लोकशाहीच्या ऱ्हासावरील त्याचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो आधारभूत मानला जातो. त्यानेही घरी पत्रे लिहिलीच. परंतु दिवसभराची टिपणे, मसुदे, भाषांतरे यांचा वाचक कचेरीतच बसलेला होता. लिहिणाऱ्याच्या आयुष्यात स्थानिक वाचक आला की त्याच्या लेखणीला एक लगाम बसतो. ज्याच्याविषयी लिहायचे तोच उद्या ते वाचणार आहे, ही जाणीव म्हणजे तो लगाम.

३

१९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंसेवेचे रूप बदलले. ती विद्यार्थ्यांच्या आपापसांतील ओळखीतून निघून राष्ट्रांच्या हाती गेली. ब्रिटनमध्ये १९५८ साली 'संडे टाइम्स'मध्ये पोर्टस्मथच्या बिशपचे एक पत्र छापून आले. सक्तीची लष्करी सेवा संपुष्टात येत होती, त्यामुळे शाळा संपवून विद्यापीठात जाण्यापूर्वी अनेक मुलांच्या हाती एक मोकळे वर्ष येणार होते. ते त्यांनी दूरच्या देशांत सेवेत घालवावे, असे आवाहन त्या पत्रात होते. त्यामागची प्रेरणा ॲलेक डिक्सन यांची. यातून 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था जन्मली. तिच्या पहिल्या मोजक्या मुलांपैकी काही बोर्निओ बेटावरील सारावाक येथे गेली. सारावाक तेव्हा ब्रिटिश वसाहतच होती.

या पत्राचा पत्ता पाहण्यासारखा आहे. एका संस्थेचा जन्म पत्रातून झाला, आणि ते पत्र इंग्रज पालकांना, इंग्रज शाळांना उद्देशून होते. अठरा वर्षांच्या मुलाला घडवणे, हा डिक्सन यांच्या विचाराचा गाभा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. सारावाकला अठरा वर्षांच्या मुलाची गरज आहे का, हा प्रश्न पुढे जोर धरत गेला आणि कालांतराने त्या संस्थेने शाळकरी मुलांऐवजी प्रशिक्षित माणसे पाठवण्याकडे मोहरा वळवला.

अमेरिकेत याच सुमारास एका कादंबरीने खळबळ माजवली होती. विल्यम लेडरर आणि यूजीन बर्डिक यांची 'द अग्ली अमेरिकन' (१९५८) ही सारखान नावाच्या कल्पित आग्नेय आशियाई देशात घडते. स्थानिक भाषा न येणारे, मेजवान्यांत रमलेले अमेरिकन मुत्सद्दी तिच्या टीकेचे लक्ष्य आहेत. गंमत अशी की शीर्षकातील 'कुरूप अमेरिकन' हा मुळात त्या कादंबरीतला सज्जन आहे. दिसायला ओबडधोबड, हात तेलाने माखलेले, खेड्यात जाऊन पाण्याचा पंप बनवणारा तो अभियंता. लोकांच्या तोंडी मात्र हे शीर्षक नेमके उलट्या अर्थाने रूढ झाले. शीर्षक पुस्तकापासून सुटून स्वतंत्र आयुष्य कसे जगते, याचा हा नमुना वर्गात सांगण्याजोगा आहे. सिनेटर असताना केनेडींनी ही कादंबरी आपल्या सहकाऱ्यांना वाटण्यात पुढाकार घेतला होता. १४ ऑक्टोबर १९६० च्या मध्यरात्रीनंतर मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून त्यांनी विद्यार्थ्यांना परदेशी सेवेचे आवाहन केले आणि १ मार्च १९६१ रोजी 'पीस कोअर'ची स्थापना झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस पीस कोअरची पहिली छोटी तुकडी भारतात, पंजाबात आली. १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक भारतात काम करून गेले. शेती, कोंबडीपालन, पोषण, कुटुंबनियोजन, शाळा ही त्यांची क्षेत्रे. त्यांतले पुष्कळ जण नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले कलाशाखेचे पदवीधर होते. ज्याने आयुष्यात कोंबडी पाळली नाही, त्याने काही आठवड्यांच्या शिक्षणावर पिढीजात शेतकऱ्याला कोंबडीपालन सांगावे, यातला विनोद त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आला होता. पुढे बांगलादेश युद्धाच्या वेळी भारत आणि अमेरिका यांचे संबंध विकोपाला गेले, परदेशी संस्थांविषयी संशय बळावला, संख्या घटत गेली आणि अखेर ते काम थांबले.

भारतातील पीस कोअरची सर्वाधिक वाचली गेलेली पत्रे मात्र कुणा तरुणाची नाहीत. ती लिलियन कार्टर यांची आहेत. १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत परिचारिका म्हणून आल्या. त्यांची पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, त्या वर्षी त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष झाले होते. जॉर्जिया राज्यातील एका लहान गावी मुलाबाळांच्या नावे गेलेली खासगी पत्रे अशी अख्ख्या राष्ट्राच्या पत्त्यावर पोचली. पत्रे तीच राहिली, वाचक बदलला. आता तो विक्रोळीविषयी वाचत नव्हता. अध्यक्षांच्या मातोश्रींविषयी वाचत होता.

यातून या साहित्याची निवड कशी होते, हेही दिसते. हजारो तरुणांची पत्रे माळ्यावरच्या पेट्यांत पडून राहिली. छापली गेली ती लिहिणाऱ्याच्या नावामुळे. आणि त्या वसाहतीतील ज्या कामगार कुटुंबांच्या मुलांना त्या परिचारिकेने औषध दिले, त्यांच्या घरात तिच्याविषयी मराठीत काय बोलले गेले, तिच्या मराठीला कोण हसले, तिच्यासाठी कुणी डबा नेला, याचा कागद नाही.

४

पत्त्याच्या या एकेरी रहदारीला पहिला मोठा धक्का व्हिएतनाममध्ये बसला. 'इंटरनॅशनल व्हॉलंटरी सर्व्हिसेस' ही १९५३ साली निघालेली अमेरिकन संस्था. शेतकीचे शिक्षण घेतलेला डॉन लूस तिच्यातर्फे १९५८ मध्ये दक्षिण व्हिएतनामला गेला. रताळ्यांच्या वाणांवर काम करता करता तो व्हिएतनामी बोलू लागला आणि पुढे तेथील कामाचा प्रमुख झाला. संस्थेचा खर्च मुख्यतः अमेरिकन सरकारच्या मदतखात्यातून भागत असे. युद्ध पेटत गेले तसतसे ज्या गावांत स्वयंसेवकांनी पीक लावले होते, तीच गावे ओस पडू लागली. ज्या सरकारचा पैसा बियाण्याला येत होता, त्याच सरकारची विमाने शेतांवर वनस्पतिनाशक फवारत होती.

सप्टेंबर १९६७ मध्ये लूस आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्यांच्यासह एकूण ४९ स्वयंसेवकांनी अध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहिले. युद्धाने सामान्य व्हिएतनामी माणसाची काय दशा केली आहे हे त्यांनी त्यात मांडले आणि बाँबवर्षाव व फवारणी थांबवण्याची मागणी केली. या पत्राला आम्ही या इतिहासातील वळण मानतो. वरवर पाहता हेही घरीच लिहिलेले पत्र आहे. पण आजवर स्वयंसेवक घरच्यांना गावाविषयी सांगत आला होता. येथे तो गावाच्या बाजूने घराला जाब विचारतो. विषय आणि वाचक यांची अदलाबदल झाली आहे. पत्राचा विषय आता व्हिएतनामी खेडे नाही, वॉशिंग्टन आहे.

हे घडू शकले ते भाषेमुळे. दुभाष्याच्या तोंडून ऐकणाऱ्याला अधिकाऱ्यांची बाजू ऐकू येते. बाजारात, बसमध्ये, आजारी माणसाच्या उशाशी बसून ऐकणाऱ्याला निराळे काही ऐकू येते. १९७० मध्ये अमेरिकन संसदेचे दोन सदस्य कोन सोन बेटावरील तुरुंग पाहायला गेले, तेव्हा दुभाषा म्हणून लूस त्यांच्यासोबत होता. तेथून सुटलेल्या कैद्यांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे त्यांनी 'वाघांचे पिंजरे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लपवलेल्या कोठड्या शोधून काढल्या. त्यांची छायाचित्रे 'लाइफ' साप्ताहिकात आली आणि जगभर संताप उसळला. पुढच्याच वर्षी लूसची व्हिएतनाममधून हकालपट्टी झाली. त्याच सुमारास त्याने सहकाऱ्यांसोबत व्हिएतनामी युद्धकवितांचा एक इंग्रजी संग्रहही संपादित केला होता. रताळ्यांपासून कवितेपर्यंतचा हा प्रवास आमच्या वाचकांना विशेष वाटावा.

शेजारच्या लाओसमध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले. याच संस्थेतर्फे १९६७ मध्ये फ्रेड ब्रॅन्फमन हा पंचविशीतला तरुण तेथे गेला आणि लाओ भाषा शिकला. अमेरिका लाओसवर जाहीर न करता बाँब टाकीत होती. १९६४ ते १९७३ या काळात त्या छोट्या देशावर वीस लाख टनांहून अधिक स्फोटके पडली. १९६९ मध्ये 'जार्सच्या पठारा'वरून निर्वासितांचे लोंढे व्हिएनतिएन येथे आले. त्यांच्याशी बोलताना ब्रॅन्फमनला या बाँबवर्षावाचे खरे स्वरूप उमगले. तेव्हा त्याने जे केले ते आमच्या मते या सर्व पत्रव्यवहारातील सर्वांत महत्त्वाचे कृत्य आहे. त्यांची हकीकत त्यांनीच लिहावी आणि काढावी, अशी व्यवस्था त्याने केली.

शेतकरी स्त्री-पुरुषांनी आणि मुलांनी जे पाहिले ते लिहिले. जळणारी घरे, भातशेतात पडलेली माणसे, विवरांत काढलेले दिवस यांची साधी चित्रे काढली. हे सारे १९७२ मध्ये 'व्हॉइसेस फ्रॉम द प्लेन ऑफ जार्स' या पुस्तकात आले. तोवर ब्रॅन्फमनलाही लाओस सोडावे लागले होते. सेरेसोलच्या टोपलीपासून सुरू झालेल्या या इतिहासात येथे प्रथमच लेखणी हस्तांतरित झालेली दिसते. शांतिपूरच्या माणसाचे जे पत्र आपल्याला सापडत नाही, ते येथे पठारावरच्या माणसाने लिहिले.

त्याचे अतिरंजित कौतुक करण्याचे कारण नाही. हे लेखन निवडले, अनुवादिले आणि मांडले ते अमेरिकन माणसानेच. पुस्तकाचा वाचकही अमेरिकनच होता, आणि लिहिणारे बहुतांशी अनाम राहिले. तरीही एक भेद निर्विवाद आहे. दुसऱ्याविषयी लिहिणे आणि दुसऱ्याचे लिहिणे पोचवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. दुसऱ्या कामात टपालवाल्याची नम्रता लागते.

याच लाओसमध्ये १९६५ च्या डिसेंबरात जपानने आपल्या नव्या युवक स्वयंसेवक योजनेतील पहिली तुकडी पाठवली होती. वीस वर्षांपूर्वी ज्या प्रदेशात जपानी सैन्य शिरले होते, तेथे जपानी तरुण हत्यारांऐवजी अवजारे घेऊन आले. आशियातील स्वयंसेवा ही केवळ गोऱ्यांची गोष्ट नाही, हे यावरून ध्यानात यावे. कालचा शत्रू भिंत बांधायला येतो, ही व्हर्दूनची कल्पना येथे आशियाई वेषात पुन्हा अवतरली.

५

शीतयुद्ध संपल्यानंतर नावेही बदलावी लागली. १९९३ मध्ये पीस कोअर चीनमध्ये गेले, तेव्हा तेथे त्याचे मूळ नाव शीतयुद्धातील प्रचारामुळे इतके बदनाम झाले होते की 'अमेरिका-चीन मैत्री स्वयंसेवक' असे नवे नाव घ्यावे लागले. २०२० मध्ये ते काम बंद झाले. त्या योजनेतून १९९६ ते १९९८ या काळात यांगत्सी नदीकाठच्या फुलिंग गावी इंग्रजी शिकवणाऱ्या पीटर हेसलरचे 'रिव्हर टाउन' (२००१) हे पुस्तक बहुश्रुत आहे. त्यात आम्हांला लक्षणीय वाटतात ती त्याच्या विद्यार्थ्यांची लेखने. इंग्रजी साहित्य शिकता शिकता त्या खेड्यांतल्या मुलांनी वर्गात जे लिहिले, ते हेसलर वारंवार पुढे करतो. शिक्षकाच्या पुस्तकात विद्यार्थ्यांच्या वह्या शिरल्या आहेत. ही वाट लाओसच्या पठारावरून आलेली दिसते.

परंतु याच काळात दुसरी वाट अधिक रुंद झाली. दोन वर्षांची सेवा दोन आठवड्यांवर आली. पूर्वी स्वयंसेवकाला निर्वाहापुरते मानधन मिळत असे. आता तोच शुल्क भरू लागला. नेपाळमध्ये दहा वर्षांचे यादवी युद्ध २००६ मध्ये संपले, कंबोडियात पर्यटन वाढले, आणि दोन्ही ठिकाणी परदेशी तरुणांसाठी अनाथालयांचा एक व्यवसायच उभा राहिला. या आश्रमांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असल्याचे युनिसेफसारख्या संस्थांनी दाखवून दिले. पाहुणे येतात म्हणून मुले आणली जात होती. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीची चौकशी करताना या 'अनाथालय पर्यटना'चीही दखल घेतली. ज्या देशातून हर्ब फीथ स्थानिक पगारावर जाकार्ताला गेला, त्याच देशाला आपल्या तरुणांच्या दातृत्वाचा असा हिशेब मांडावा लागला.

अशा पंधरवड्याच्या सेवेतून लिहिले जाणारे पत्र म्हणजे छायाचित्र. त्यावर पत्ता सगळ्या जगाचा आहे, म्हणजेच कुणाचाही नाही. चित्रातल्या मुलाला ते पाठवले जात नाही. भाषा शिकायला वेळ नाही, त्यामुळे त्या मुलाने काही सांगितले तरी ते कळायचे नाही. मुक्काम जितका आखूड, तितका घरचा वाचक जवळ आणि समोरचा माणूस दूर, असा एक नियमच येथे सांगता येईल. त्या तरुणांच्या मनात करुणा नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. करुणेला समोरच्याचा शब्द ऐकण्याची सवड मिळाली नाही, एवढेच म्हणता येते. त्याची किंमत मात्र आईवडील असलेल्या मुलांनी मोजली.

६

एवढ्या विवेचनातून सेवा खरी कोणती आणि खोटी कोणती याचे प्रमाणपत्र देण्याचा आमचा उद्देश नाही. सेरेसोल, फीथ, कार्टर, लूस, ब्रॅन्फमन, हेसलर ही एका माळेतली माणसे नव्हेत. परंतु त्यांच्या लेखनाला पत्त्याचा प्रश्न विचारला की काही गोष्टी स्पष्ट होतात. स्थानिक पगार, स्थानिक भाषा आणि दीर्घ मुक्काम या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथे लिहिणाऱ्याचा वाचक हळूहळू बदलला, आणि वाचक बदलल्यावर त्याची निष्ठाही बदलली. जेथे त्या आल्या नाहीत, तेथे हेतू कितीही निर्मळ असला तरी गाव हा पत्राचा विषयच राहिला.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाल्यापासून आपल्या महाविद्यालयांतील मुले दरवर्षी खेड्यांत शिबिरांना जातात. परत येऊन अहवाल लिहितात. त्या अहवालांचा पत्ता विद्यापीठाचा असतो. चर किती खणले, झाडे किती लावली, ग्रामस्थांनी कसे सहकार्य केले, अशी त्यांची ठरलेली वाक्ये असतात. त्यांतला 'ग्रामस्थ' हा शब्द नेहमी अनेकवचनी आणि नेहमी आनंदी असतो. परदेशी स्वयंसेवकांच्या पत्रांना आपण जो प्रश्न विचारतो, तो या अहवालांना विचारणे अधिक कठीण आहे आणि म्हणूनच अधिक गरजेचे.

आणखी एक काम मराठीच्या विद्यार्थ्यांची वाट पाहत आहे. १९६० च्या दशकात पीस कोअरचे तरुण महाराष्ट्रातही राहून गेले. मोडकी का होईना, ते मराठी बोलत होते. त्या वेळी जी मुले दहा-पंधरा वर्षांची होती, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. आपल्या ओसरीवर बसलेला तो उंच परका माणूस काय खात असे, कशाला भीत असे, कोंबड्यांचे पुढे काय झाले, तो गेल्यावर गावात त्याचे कोणते शब्द उरले, हे सांगू शकणारी ती शेवटची पिढी आहे. तिची साक्ष इंग्रजी पत्रांच्या पेट्यांत मिळणार नाही. ती मराठीतच मिळेल, आणि तीही आणखी दहा-पंधरा वर्षेच. एखाद्या पदव्युत्तर वर्गाने वही घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या चार गावांत जायचे ठरवले, तर साठ वर्षांपूर्वी गेलेल्या पत्रांची उत्तरे अजूनही लिहून घेता येतील.